दुष्फेन पाणी

गुंजाळ बाई गेल्याचं मला कोपरगावात कळलं. शाळेची मधली सुट्टी होती आणि श्रीगोंद्याहून जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला. साध्या तापाचं निमित्त झालं, ती म्हणाली. बाईंनी तो अंगावर काढला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मुलगा पुण्याहून पोचला तेव्हा बोलणं बंद पडलं होतं. हे सगळं उरकूनही आता बरेच दिवस झाले होते. मला कळवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि त्यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. मी काही बाईंच्या नात्यातली नव्हते. त्यांच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहत होते, एवढंच.

फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढे त्यांचा वर्ग आला नाही, फळ्यावरचं त्यांचं टपोरं अक्षरही नाही. ओट्याच्या पायरीवर बसलेल्या बाई आल्या. मांडीवर स्टीलची वाटी, आणि तिच्यात दाढीचा ब्रश गोल गोल फिरवणारा त्यांचा हात.

बाई उंच आणि काटक होत्या. खांद्यावर पदर पिनेनं घट्ट लावलेला, पर्समध्ये तळाला खडूचे तुकडे. वर्गात त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. खुर्चीवर हजेरीपुस्तक आणि पाण्याची बाटली बसायची. चहा अर्धा पिऊन कप कुठेतरी विसरायच्या आणि मग शिपाईमामा शाळाभर कप शोधत फिरायचे. स्कूटी चालवायच्या ती सायकलच्या वेगानं, दोन्ही पाय खाली सोडून, न जाणो कधी टेकवावे लागतील म्हणून. मुलांना वडिलांच्या नावासकट पूर्ण नावानं हाक मारायच्या, मग ते मूल पहिलीतलं का असेना.

आणि त्यांच्याकडे भाषा दोन होत्या. वर्गात पुस्तकातली, एकेक अक्षर सुटं. वर्गाचा उंबरा ओलांडला की कर्जतकडची, लहानपणापासूनची. कुणी काही चुकलं, मग तो विद्यार्थी असो की मुख्याध्यापक, त्या एकच शब्द बोलायच्या, "परत." रागानं नाही. परत कर, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांचे यजमान फौजेत होते. सगळी गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची, आणि बाईही सुभेदारच म्हणायच्या. लग्नानंतरची सगळी उमेदीची वर्षं ते कुठल्या कुठल्या सीमेवर, आणि बाई इथे नोकरी आणि मुलगा सांभाळत. माझा संसार सुट्टीपुरता, असं त्या हसून सांगायच्या. सुभेदार निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली. पाण्याची मोटार कधी सुरू करायची, फाटकाला कुलूप कुणी लावायचं, पेपर आधी कुणी वाचायचा. हुकूम करायची सवय दोघांनाही आणि ऐकायची एकालाही नाही. भांडणं होत नसत. दोघं एकमेकांना नुसत्या सूचना देत. संध्याकाळी एकजण ओट्यावर येऊन बसलं की दुसरं आत जायचं.

सुभेदारांची दाढी मात्र बघत राहावी अशी असायची. सकाळी अंगणातल्या झाडाला आरसा अडकवून ते उभे राहायचे. साबणाची कडक गोल वडी आणि ब्रश, ही फौजेतली सवय. ट्यूबमधलं क्रीम त्यांना चालत नसे. आमच्या दारातून दिसायचं ते त्यांचं पांढरंशुभ्र झालेलं तोंड आणि त्यातून सरळ रेघ ओढत जाणारा रेझर. बाईंनी ते जवळून कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी त्या चुलीपाशी असायच्या.

अशीच दाढी करताना एका सकाळी सुभेदार कोसळले. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गल्लीतल्या माणसांनी जीपमध्ये घालून नगरला नेलं. त्या सकाळबद्दल बाई माझ्याशी एकदाच बोलल्या.

"निम्म्या तोंडाची दाढी झाल्ती," त्या म्हणाल्या. "निम्म्याला फेस तसाच. वाळून पापडी झाली, पन पुसायचं कुनाला सुचलं न्हाई. मला बी न्हाई. तिथल्या नर्सनं पुसला."

घरी आणलं तेव्हा सुभेदारांपाशी एकच शब्द उरला होता, "चला." तहान लागली तरी चला, भात नको असला तरी चला, मुलगा भेटायला आला तरी त्याच्याकडे बघून चला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की आत सगळं शाबूत असतं, बाहेर येताना तेवढा एकच शब्द येतो. बाई त्यातले प्रकार ओळखायला शिकल्या. लांबवलेला चला म्हणजे पाणी, तुटक चला म्हणजे नको. पण दोघांत आता सूचना फक्त बाईच देणार होत्या, आणि त्यांना ते सोसत नव्हतं. पेपर आणून आधी त्यांच्यापुढे धरायच्या.

दाढी वाढत गेली. न्हाव्याला घरी बोलावलं तर सुभेदारांनी डाव्या हातानं त्याला बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलानं पुण्याहून विजेवर चालणारं यंत्र आणलं. त्याची घरघर गालाजवळ आली तसं सुभेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलगा बिचारा घाबरून मागे सरला. बाईंनी यंत्र त्याच्या हातून घेतलं, परत खोक्यात घातलं आणि मी बघते म्हणाल्या.

पहिल्या दिवशी फेस झालाच नाही. नुसतं साबणाचं पाणी झालं. मोठाले बुडबुडे आले आणि गालाला लागेपर्यंत फुटून गेले. रेझर कोरड्या कातडीवर ओढल्यासारखा चालला, हनुवटीवर रक्त आलं, आणि सुभेदार तुटकपणे चला म्हणाले. बाई त्या दिवशी शाळेत उशिरा आल्या. त्यांना उशीर झालेला आम्ही तोवर कधी पाहिला नव्हता.

मग मधल्या सुट्टीत डबे उघडले की बाई फेसाची हकीगत सांगू लागल्या. एखाद्या कच्च्या पोराची प्रगती सांगावी तशी. आज आला, पण लगेच बसला. आज घट्ट झाला, पण मऊपणा नाही. सुरुवातीला स्टाफरूममध्ये हसू व्हायचं. आयत्या फेसाचा डबा मिळतो, बटण दाबलं की काम झालं, असं एकानं सुचवलं. बाईंनी तोही आणून पाहिला होता. सुभेदारांच्या बधिर गालावर त्यानं पुरळ उठलं आणि ते त्यांना कळलंसुद्धा नाही. ही गोष्ट बाईंच्या फार मनाला लागली. त्यांना त्यांचं दुखणं कळत नसेल तर ते मला कळायला हवं, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही.

खरी अडचण पाण्याची होती. आमच्या गल्लीत सगळीकडे बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरे डाग, केसांचा राठ झाडू, आणि साबण कितीही घासा, हाताला नुसता चिकटा. एकदा बाई सातवीच्या वर्गावर पाण्याचे प्रकार शिकवत होत्या. मी शेजारच्या वर्गात होते. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. मुलांकडून त्या घोकून घेत होत्या, आणि मध्येच त्यांचा आवाज थांबला. मुलं थोडा वेळ वाट पाहून आपापसात बोलायला लागली, तरी थांबलेलाच. तास संपताच बाई माझ्याकडे आल्या. इतकी वर्षं पोरांकडून दुष्फेन, दुष्फेन पाठ करून घेतेय आणि घरी त्याच पाण्याशी झगडत बसलेय, असं म्हणून कपाळावर हात मारून घेतला. वर्गाबाहेर त्यांना इतक्या जोरात हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवसापासून बाई पाणी उकळून निवत ठेवू लागल्या. तळाला चुन्यासारखा साका बसायचा, वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. पावसाळ्यात शाळेच्या पत्र्याखाली पिंप लावून त्यातलं पाणी कॅनमधून घरी न्यायच्या. फेस कसा जमतो ते त्यांनी मलाही एकदा पायरीवर बसवून दाखवलं होतं.

वडी कडक असते, तिला आधी सैल करायची. तिच्यावर कोमट पाणी घालून ठेवायचं आणि तोवर ब्रशही भिजत टाकायचा. मग वडीवरचं पाणी ओतून द्यायचं. ब्रश झटकायचा, इतका की तो ओला राहील पण ठिबकणार नाही. आता वडीवर गोल फिरवत राहायचं. पहिल्यांदा येतात ते नुसते बुडबुडे, त्यांना भुलायचं नाही. आपल्याला वाटतं पुरे झालं, त्याच्यापुढेही फिरवायचं. मग ब्रशचा आवाज बदलतो, जड होतो, आणि केसांना सायीसारखा दाट लेप धरतो. तेव्हा तो वाटीत घ्यायचा आणि बोट बुडवून थेंब थेंब पाणी सोडत फेटायचं, वड्यांचं पीठ फेसतात तसं. पाणी मागून घालता येतं, घातलेलं काढता येत नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. बुडबुडा एकही दिसता कामा नये. ब्रश वर उचलला की फेसाचं टोक उभं राहायला हवं, आणि जरासं वाकायला हवं. ताठ राहिलं तर पाणी कमी पडलंय.

मी करून पाहिलं. बाईंनी वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "परत."

ज्या दिवशी त्यांना पहिल्यांदा मनासारखा फेस जमला, त्या दिवसाचं त्यांनी स्टाफरूममध्ये काही सांगितलं नाही. संध्याकाळी माझ्या दारात आल्या, चहा घेतला, अर्धा तसाच ठेवला. मग म्हणाल्या की आज सुभेदारांनी डोळे मिटले आणि डोकं माझ्या हातावर टेकवलं. चला म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत.

"इतका संसार झाला, पोरगं मोठं झालं," त्या खाली बघत बोलल्या, "पन ह्यांचं तोंड असं दिवसाउजेडी हातात धरून मी कधी बघितलंच न्हवतं गं. डाव्या भुवईत एक वन हाय. गोळीचा का पडल्याचा, आता इचारायचं कुनाला?"

पुढचे बरेच महिने रोज सकाळी समोरच्या ओट्यावर दोघं दिसायची. सुभेदार खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल, बाई समोर पायरीवर वाटी घेऊन. फेस होईपर्यंत त्या त्यांच्याशी एकसारख्या बोलायच्या. शाळेतलं, गल्लीतलं, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतलं. ते तिकडे असताना इथे काय काय झालं, मुलाला गोवर कधी आला, विहिरीला पाणी कधी लागलं, हे सगळं बाईंनी त्यांना त्या पायरीवर बसून सांगितलं. एकदा फेस लावून झाल्यावर सुभेदारांनी डाव्या हाताच्या बोटानं गालावरचा थोडा घेतला आणि बाईंच्या नाकाला लावला. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मी खिडकीतून मागे झाले. वडी झिजून पातळ झाली की ती फेकायच्या नाहीत, नव्या वडीवर ओली करून दाबून बसवायच्या.

दुसरा झटका आला तो बाई निवृत्त झाल्या त्याच उन्हाळ्यात. सुभेदारांना पुन्हा नगरला नेलं. या खेपेला तोंडात नळी होती, चिकटपट्ट्या होत्या. बाई पिशवीत वाटी, वडी, ब्रश, निवळलेल्या पाण्याची बाटली घेऊन गेल्या होत्या, पण अतिदक्षता विभागात ते कसं चालणार? तिथल्या लोकांनी नीट समजावून सांगितलं, बाईंनी ऐकलं. पिशवी तिथेच बाकाखाली पडून राहिली. सुभेदार शुद्धीवर आले नाहीत.

दुपार कलताना त्यांना घरी आणलं. गल्ली भरून गेली होती. कर्जतकडून भावकी आली होती, आजूबाजूचे फौजेतले जुने सोबती आले होते. सुभेदारांच्या गालावर पांढरे खुंट वाढलेले, चिकटपट्टीच्या जागा तेवढ्या मोकळ्या. बाया रडत होत्या आणि बाई त्यांच्यात नव्हत्या. मी फाटकातून आत गेले तर त्या ओट्याच्या कोपऱ्यात बसून फेस करत होत्या. कुणाकडे न बघता, सगळं रीतीनं, वडी भिजवून, पाणी निथळून. हात जराही घाई करत नव्हता. फेस झाला तशा वाटी घेऊन त्या सुभेदारांच्या उशाशी आल्या.

सुभेदारांचे थोरले भाऊ, आबा, तिथे उभे होते. घरातले तेच वडीलधारे. बाईंनी थोरल्या दिरांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, की त्यांच्याशी समोरासमोर चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. आबांनी वाटीकडे पाहिलं.

"आता कशाला?" ते म्हणाले. "दिस मावळायच्या आत उरकाया पायजे. मानसं लांबून आल्यात."

मागून एक म्हातारी नातेवाईक पुटपुटली की असलं बाईमाणसानं करू नये. मुलगा काहीतरी बोलायला पुढे झाला, पण आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाई वळल्या, वाटी कठड्यावर ठेवली, ओल्या फडक्यानं सुभेदारांचं तोंड पुसलं आणि बाजूला झाल्या.

माणसं स्मशानातून परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. पाय धुवायला सगळे ओट्यापाशी थांबले. कठड्यावरच्या वाटीत फेस अजून उभा होता. आबांनी तो पाहिला. मीच ती वाटी उचलून आत नेली.

त्यानंतर बाई एकट्याच राहू लागल्या. मुलगा पुण्याला चला म्हणत होता. त्या जायच्या आणि लवकर परत यायच्या. सकाळी ओटा रिकामा असायचा. पूर्वीसारख्या त्या माझ्याकडे येऊन बसायच्या, पण त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मग त्या अधूनमधून रविवारी कर्जतकडे जायला लागल्या. सासरी असेल काही काम, असं मी धरून चालले.

माझी कोपरगावला बदली झाली. निरोप घ्यायला म्हणून एका रविवारी सकाळी बाईंकडे गेले, तर त्या पिशवी घेऊन निघायच्या बेतात होत्या. त्यांनी मला घरात न बसवता सरळ बरोबर घेतलं. एसटीत त्यांच्या मांडीवर पाण्याचा छोटा कॅन होता. कंडक्टरनं विचारलं की गावाकडे पाणी नाही का, तर म्हणाल्या, हाय की, पन कामाचं न्हाई.

आबा वस्तीवर एकटेच राहत होते. बायको मागेच गेलेली, मुलं चाकणला कंपनीत. शेजारची सून दोन वेळा भाकरी आणून द्यायची. त्यांना कंपवात झाला होता. हात थरथरायचे, मानही आपोआप हलायची. गावातल्या न्हाव्याच्या हातून एकदा कापलं, तेव्हापासून त्यांनी दुकानात जाणं सोडलं होतं. बाईंना हे कुणाकडून तरी कळलं होतं. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आबा नको नको म्हणत आत जाऊन बसले होते, असं शेजारच्या सुनेनं मला सांगितलं.

आता मात्र आम्हाला पाहून ते स्वतःच काठी टेकत अंगणातल्या बाजेवर येऊन बसले. बाईंनी वडी भिजत घातली, ब्रश बुडवला. डोक्यावर पदर होता. फेस होईपर्यंत फक्त ब्रशचा आवाज होता. मग बाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि एका हातानं त्यांची हनुवटी धरली. मान हलायची थांबली. दोन्ही हात गुंतलेले, वाऱ्यानं पदर डोक्यावरून खांद्यावर आला. बाईंनी तो सावरला नाही. त्यांचे केस किती पांढरे झालेत ते मला तेव्हा दिसलं. आबांनाही ते दिसलं असावं.

एक गाल झाला. बाई रेझर पाण्यात खळबळवत होत्या तेव्हा आबा बोलले. आवाज बसका होता, शब्द अडखळत येत होते.

"विमल, त्या दिशी तुला करू द्याया पायजे हुतं."

बाईंनी रेझर झटकला. पुन्हा हनुवटी धरली.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "ब्लेड लागंल."

आबांच्या डोळ्यांतलं पाणी फेसावरून खाली आलं. बाईंनी ते पुसलं नाही, त्याच्या बाजूनं रेझर घेतला, आणि दुसरा गाल पहिल्याइतकाच सावकाश पुरा केला.

माझ्या गाडीची वेळ जवळ आली होती. बाईंनी मला पुढे हो म्हणून सांगितलं, मी येते मागनं, असं म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी ओल्या हातानंच माझ्या पाठीवर थोपटलं. फाट्यावर उभी राहून मी मागे वळून पाहिलं. आबा बाजेच्या एका टोकाला बसले होते. बाईंनी वाटी धुऊन पालथी घातली, हात पुसले, आणि थोडा वेळ उभं राहून त्याच बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दोघं समोरच्या रानाकडे बघत होती. गाडी वळेपर्यंत ती दोघं मला तशीच दिसत होती.